उंदराचा डोळा आणि पहिलं शील

विहारात रविवारची वंदना आटोपली की चार-दोन जण औषधपाण्याचं विचारायला थांबतात. परवा थांबली ती शिरपूरला फार्मसी शिकणारी मुलगी. तिच्या थोरल्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत आतून सूज येते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की पुन्हा धूसर. आता डॉक्टरांनी अडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलंय. घरात आजोबांनी हरकत घेतली: हे औषध मुक्या जनावरांचे डोळे खराब करून शोधलेलं, आपण पंचशील घेतलेली माणसं, आपल्याला नको. मुलगी म्हणाली, "काका, पुढे एम.फार्म. केलं तर मलाही उंदीर हातात धरावे लागतील. आजोबांना काय सांगू?"

उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

आधी आजाराचं. डोळ्याच्या आत मधला एक थर असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. त्याला सूज आली की डॉक्टर 'युव्हिआयटिस' म्हणतात. आपल्याकडे डोया लाल झाला की 'डोळे आले' समजून मेडिकलवरून ड्रॉप आणतात. डोळे येणं हा बाहेरच्या पातळ पडद्याचा आजार. त्यात चिपडं येतात आणि बहुधा आठ-दहा दिवसांत तो जातो. आतली सूज वेगळी. डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात. सूज मागच्या भागात असली तर डोळा लालही होत नाही, नजर तेवढी जात राहते. आतली सूज खात्रीने ओळखायला स्लिट लॅम्पवरची तपासणी लागते. आणि घरात पडून असलेला स्टेरॉइडचा ड्रॉप मनाने महिनोन् महिने घातला तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवतात.

काही वेळा ही सूज क्षयरोगासारख्या संसर्गामुळे येते. पण पुष्कळदा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या डोळ्यावर उलटते. ती का उलटते, हे जिवंत माणसाचा डोळा कापून बघता येत नाही. म्हणून प्राणी आले. गिनीपिग, उंदीर यांना डोळ्याच्या मागच्या पडद्यातलं एखादं प्रथिन टोचायचं, सोबत मेलेल्या क्षयजंतूंचं मिश्रण. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या डोळ्यात माणसासारखीच सूज उभी राहते. मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी किंवा निरुपयोगी द्रव. बाहुली मोठी करून आत बघायचं, सुजेला शून्य ते चार असे गुण द्यायचे. शेवटी प्राण्याला मारून त्याचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. आजोबांनी सांगितलं ते खोटं नाही. गोड शब्द लावून ते झाकू नये.

यातून मिळालं काय? सूज पेटवणारा एक निरोप्या शरीरात असतो, टीएनएफ नावाचा, तोही प्रथिनच. अँड्र्यू डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टीएनएफला वाटेतच पकडणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं प्रथिन त्यांनी उंदरांना दिलं. हल्ला करणाऱ्या पेशी डोळ्यात जवळजवळ तेवढ्याच पोहोचल्या, पण पडद्याची नासधूस कमी झाली. म्हणजे सगळी फौज अडवायची गरज नव्हती, तिच्या हातातली काडी काढून घेतली तरी पुरत होतं. ही गोष्ट नुसत्या काचेच्या बशीतल्या पेशींवरून कळणं अवघड होतं.

अडालिमुमॅब त्याच वाटेवरचं. तेही प्रथिन, टीएनएफला धरून ठेवणारं. आधी ते संधिवातासाठी आलं. मग मधल्या आणि मागच्या भागातल्या सुजेसाठी २१७ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्टेरॉइड कमी करत नेल्यावर नुसतं निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्यांचा आजार मध्यमानाने १३ आठवड्यांत उलटला, औषध मिळालेल्यांचा २४ आठवड्यांत. हा चमत्कार नाही, पण तेवढ्या काळात नजर टिकते आणि स्टेरॉइडचा मारा कमी होतो. या औषधाची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. तरी स्वस्त म्हणावं असं ते नाही.

दुसरी बाजूही सांगतो. रॉबर्ट नुसेनब्लाट यांच्या गटाने डोळ्यातलं प्रथिन उंदरांना तोंडावाटे खाऊ घातलं, तर आजार टळला. माणसांवरच्या चाचणीत तसा ठाम फायदा दिसला नाही. सेक्युकिनुमॅब ज्याला अडवतं, तो आयएल-१७ हा दुसरा निरोप्या उंदरांत अडवून सूज कमी झाली होती. माणसांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्देश साधला नाही. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. प्रत्येक प्रयोगातून औषध निघतं असं कुणी सांगत असेल तर मानू नका.

आता शिलाचं. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैच्या भीमस्मृती यात्रेला आपण जातो. येताना पुष्कळांच्या पिशवीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो. त्यात बाबासाहेबांनी अहिंसेवर स्वतंत्र विवेचन केलंय. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. बुद्धाची अहिंसा आंधळा नियम नाही, ते विचाराने लावायचं तत्त्व आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आजोबांना माझं उत्तर असं, की प्रश्न बरोबर आहे, पण तो नातवाच्या इंजेक्शनपाशी विचारायचा नाही. नातवाने औषध नाकारून एकही उंदीर परत येत नाही. प्रश्न विचारायचा तो नव्या प्रयोगाच्या दारात: गरज आहे का? दुसरी रीत नाही का? आणि डोळे गेले तर 'मागच्या जन्मीचं' म्हणून गप्प बसणं आपल्या धम्मात नाही. शेवटच्या वर्षांत मधुमेहाने खंगलेल्या, दृष्टी मंदावलेल्या बाबासाहेबांनी वाचन-लेखन सोडलं नव्हतं.

त्या दारात विचारणारी माणसं कायद्याने ठेवलेली आहेत, हे थोड्यांना ठाऊक असतं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेची केंद्रीय समितीकडे नोंदणी लागते. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीपुढे प्रत्येक प्रयोग मांडावा लागतो: किती प्राणी, वेदना कमी कशी करणार, प्राण्यांशिवाय का जमत नाही. त्या समितीत वैज्ञानिक नसलेला, समाजभान असलेला एक सदस्यही असतो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी कुणी तिथे का नसावं? मार्च २०२३ मध्ये केंद्राने औषध चाचणीचे नियम बदलून मानवी पेशी, चिपवर वाढवलेल्या ऊती, संगणकी प्रारूपं यांनाही मान्यता दिली. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग आता सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवतात. मुलीला म्हटलं, फार्माकोलॉजी घे, आणि या नव्या रीतींत काम कर.

भावासाठी तीन गोष्टी सांगितल्या. टीएनएफ दाबला की शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी हवीच. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. सुरू झाल्यावर ताप, खोकला, वजन घटणं दिसलं तर पुढची सुई घेण्याआधी दाखवा. बरं वाटतंय म्हणून मनाने बंदही करू नका.

तिसरी आपल्या उन्हाळ्याची. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. धुळ्याहून शिरपूरला मे महिन्यात एस.टी.ने आणताना बर्फाची पिशवी असलेला डबा न्या, पण इंजेक्शन थेट बर्फाला लागू देऊ नका आणि घरी फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठलेलं प्रथिन वापरायचं नाही, वितळल्यावरसुद्धा नाही.