मुलांच्या दातांची प्लेट : निगा घरची, हिशेब खिशाचा

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा घोळका हसताना पाहिला, की दोघा-तिघांच्या दातांवर तरी तार चकाकताना दिसते. आपल्या लहानपणी "दुधाचे पडले, आता पक्के येतील तसे येतील" एवढ्यावर विषय संपत असे. इथे अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संस्था मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्यावी असे सुचवते. तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हेत. पण जबडा वाढत असताना काही दोष लवकर लक्षात आले, तर ते सुधारणे सोपे जाते.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. डॉक्टरांनी तिला काढता-घालता येणारी प्लेट दिली. टाळूला चिकटून बसणारे गुलाबी अॅक्रिलिक, दाढांना धरणारे तारेचे आकडे आणि मधोमध एक बारीक स्क्रू. मी सॉफ्टवेअरवाला, दंतवैद्य नव्हे. त्यामुळे औषधोपचाराच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. वर्षभर ही प्लेट सांभाळताना घरी जे उपयोगी पडले, तेवढेच इथे देत आहे.

पक्क्या तारा दातांना चिकटवलेल्या असतात, त्या आपले काम आपोआप करतात. ही प्लेट मात्र तोंडात असेल तेवढाच वेळ काम करते. चार दिवस डबीत राहिली, की दात मागे सरकू लागतात आणि प्लेट नीट बसेनाशी होते. म्हणून खरी गुरुकिल्ली मुलाच्या मर्जीची आहे. पहिले काही दिवस लाळ जास्त येते आणि 'स', 'च', 'ज' बोबडे येतात. आमच्याकडे नेमका तेव्हाच गणेशोत्सव होता, आणि मुलगी "मी स्टेजवर बोलणार नाही" म्हणून हटून बसली. नाशिकहून आलेल्या तिच्या आजीने तिच्याकडून रोज संध्याकाळी मोठ्याने पाढे म्हणून घेतले. सात साते एकोणपन्नास, सहा साते बेचाळीस! दहाएक दिवसांत जीभ वळू लागली आणि ती प्लेट घालूनच स्टेजवर बोलली.

स्वच्छतेचे नियम साधे आहेत. प्रत्येक जेवणानंतर प्लेट नळाच्या थंड पाण्याने धुवावी. रात्री वेगळ्या मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाच्या एका थेंबाने घासावी. टूथपेस्ट खरखरीत असते, तिने अॅक्रिलिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरावा, म्हणजे हातातून निसटली तरी तुटत नाही. पांढरा थर धरू लागला, तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी आणि मग घासावी. कवळीच्या गोळ्या वापरायच्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांतील काहींमध्ये परसल्फेट असते. त्याच्या अॅलर्जीबाबत एफडीएने २००८ साली इशारा दिला होता. गोळी वापरलीच, तर प्लेट भरपूर पाण्याने खळबळून मगच तोंडात घालावी.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता. बाळाच्या बाटल्या उकळण्याची आपल्या घरांतून सवय असते, पण उकळत्या पाण्याने प्लेटचा आकार बिघडतो. आजी येण्याआधीच आम्ही फ्रीजवर मोठ्या अक्षरांत "प्लेटला गरम पाणी नको" असे लिहून ठेवले होते. उन्हात उभ्या गाडीतही ती ठेवू नये. आपल्या हळदीचाही अॅक्रिलिकवर डाग पडतो. जेवताना काढायची की नाही ते डॉक्टरांना विचारावे, आणि काढायची नसेल तर वरणभातानंतर लगेच धुवावी.

हरवण्याची जागा ठरलेली असते, ती म्हणजे शाळेचे कॅफेटेरिया. मुले प्लेट पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळतात आणि ट्रेबरोबर ती कचऱ्यात जाते. आमच्या घरचा नियम असा : प्लेटला घरे दोनच, तोंड किंवा डबी. भडक रंगाची, फोन नंबर लिहिलेली एक डबी दप्तरात आणि दुसरी घरी. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा, कुत्र्यांना प्लेट चघळायला फार आवडते. भारतात जाताना ती हातातल्या बॅगेतच न्यावी.

काढताना दोन्ही बाजूंचे आकडे दोन्ही हातांनी एकदम सोडवावेत, पुढच्या तारेला धरून ओढू नये. जिभेने खालीवर करण्याचा खेळ तर पहिल्या दिवसापासून बंद. स्क्रू बाणाच्या दिशेने, पुढचे भोक पूर्ण दिसेपर्यंत फिरवावा. बऱ्याच स्क्रूंमध्ये पाव फेऱ्याने सुमारे ०.२५ मिलिमीटर जागा वाढते. चावीला दोरा बांधावा आणि प्रत्येक फेऱ्याची नोंद कॅलेंडरवर करावी. एखादा फेरा चुकला तर दोन एकदम फिरवू नयेत, डॉक्टरांना फोन करावा. तार टोचू लागली किंवा प्लेट तडकली तरी घरची पकड आणि फेव्हिक्विक दूर ठेवावे.

आता खिशाकडे. बऱ्याच डेंटल इन्शुरन्समध्ये ऑर्थोडॉन्टिक्ससाठी आयुष्यभराची एकच मर्यादा असते. नवव्या वर्षी प्लेटवर ती खर्च झाली, तर बाराव्या वर्षी पक्क्या तारांसाठी थोडेच उरते. म्हणून दोन्ही टप्प्यांचा अंदाज आधीच लेखी मागावा. हरवलेल्या प्लेटचा खर्च पुष्कळ पॉलिसी देत नाहीत, तोही आकडा विचारून ठेवावा. नोकरीत फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट असेल, तर हा खर्च करपूर्व पैशांतून करता येतो. २०२५ साली त्याची मर्यादा ३,३०० डॉलर होती. मात्र न वापरलेली रक्कम बुडू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या हप्त्यांचे वेळापत्रक पाहूनच आकडा भरावा.

शेवटी कामाची वाटणी. चावी फिरवणे आमच्याकडे, प्लेट धुणे आणि डबी सांभाळणे मुलीकडे. प्लेट "तिची" झाल्यापासून "घातलीस का?" हा प्रश्न घरात क्वचितच ऐकू येतो. आपल्याकडे याहून वेगळी काही युक्ती असेल, तर पुढील अंकासाठी जरूर कळवा.