प्रकाश-उत्प्रेरणासाठी अब्जांश पदार्थांची रचना : सरावलीच्या सांडपाण्याच्या संदर्भात

बोईसरलगतच्या सरावली परिसरातील तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधे, रंजकद्रव्ये, त्यांची मध्यस्थ रसायने आणि कापड यांचे कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी सामुदायिक शुद्धीकरणानंतर नवापूरच्या समुद्रात जाते. या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूर देशात पहिले आले. हे पहिलेपण भूषणावह नव्हते, हे सांगणे नलगे. जीवाणूंना दाद न देणारे कार्बनी रेणू हा अशा सांडपाण्यातील कठीण भाग होय. आणि प्रकाश-उत्प्रेरणाकडून अपेक्षा बाळगली जाते ती मुख्यतः याच भागासंबंधी.

अर्धसंवाहकाच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण पडला, की संयुजा पट्टातील इलेक्ट्रॉन संवाहन पट्टात जातो व मागे धनभारित विवर उरते. ही दोन्ही पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचे क्षपण करतो आणि विवर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. हा मूलक बहुतेक कार्बनी रेणूंचे ऑक्सिडीभवन करू शकतो. फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाशाने पाण्याचे विघटन घडविले, तेव्हापासून हा पदार्थ या शाखेचा आधार ठरला आहे. तो स्वस्त, टिकाऊ व निरुपद्रवी आहे. परंतु त्याच्या अ‍ॅनाटेज रूपातील पट्टांतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ३८७ नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचा प्रकाश त्याला निरुपयोगी असतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार ऊर्जा जेमतेम चार-पाच टक्के भरते.

येथे कार्यक्षमता या शब्दाचा अर्थ नेमका करणे अवश्य आहे. प्रकाशाचे शोषण, भारांचे विलगीकरण आणि पृष्ठभागावरील विक्रिया या तीन टप्प्यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार म्हणजे एकूण कार्यक्षमता, बेरीज नव्हे. समजा, निम्मा प्रकाश शोषला गेला, त्यातून उत्पन्न झालेल्या भारांपैकी पंचमांश पृष्ठभागी पोहोचले व त्यांपैकी निम्मे विक्रियेस कामी आले. तर हाती पाच टक्केच लागतात. आता पदार्थात परकी मूलद्रव्ये मिसळून शोषण दुप्पट केले, पण तीच मूलद्रव्ये इलेक्ट्रॉन व विवर यांच्या पुनःसंयोगाची केंद्रे बनून दुसरा टप्पा निम्म्यावर आला, तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. पिवळसर झालेली भुकटी अधिक क्रियाशील असतेच असे नाही.

अब्जांश, म्हणजेच नॅनो आकाराचे महत्त्व मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात आहे. हेमॅटाइट हा लोहाचा ऑक्साइड दृश्य प्रकाश शोषतो, मुबलक मिळतो, आणि तरीही निराशा करतो. कारण त्यातील विवर दोन ते चार नॅनोमीटर चालून जाण्यापूर्वीच नष्ट होते, तर प्रकाश पूर्ण शोषला जाण्यास शंभराहून अधिक नॅनोमीटर जाडी लागते. जाड थर प्रकाश घेतो पण भार गमावतो. पातळ थर भार वाचवितो पण प्रकाश सोडून देतो. यावर उपाय म्हणजे उभ्या सळ्या किंवा सच्छिद्र रचना : प्रकाशाने लांबीच्या दिशेने शिरावे आणि विवराने आडव्या दिशेने बाहेर पडावे. विसरणाने पृष्ठभागी पोहोचण्यास लागणारा काळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दशांश झाली की काळ शतांश होतो. पृष्ठफळही वाढते. २० नॅनोमीटर व्यासाच्या अ‍ॅनाटेजच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ गणिताने सुमारे ७७ चौरस मीटर येते.

तथापि लहान तेवढे चांगले, हे सूत्र फार काळ टिकत नाही. काही नॅनोमीटरांखाली पुंजपरिणामाने पट्टांतर रुंदावते आणि दृश्य प्रकाश पुन्हा हातचा जातो. शिवाय इलेक्ट्रॉन व विवर यांना परस्परांपासून दूर ठेवण्यास कणात जागाच उरत नाही.

म्हणून दोन अर्धसंवाहकांचे सांधे किंवा स्फटिकाच्या निरनिराळ्या पैलूंवर निरनिराळे सहउत्प्रेरक बसविण्याची युक्ती योजतात. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्राँशियम टिटॅनेटवर हेच करून ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात पाण्याच्या विघटनाची पुंज-कार्यक्षमता ९६ टक्क्यांपर्यंत नेली. पुढच्याच वर्षी त्या जातीच्या पदार्थाच्या १०० चौरस मीटर फलकांवर सौर ऊर्जेचे हायड्रोजनात रूपांतर मात्र अधिकाधिक ०.७६ टक्के झाले. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा विजय सांगतो, तर दुसऱ्यावर प्रामुख्याने न शोषलेल्या सूर्यप्रकाशाची छाया आहे.

पुण्याच्या सी-मेट संस्थेतील भरत काळे व त्यांच्या कोरियन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅडमियम-इंडियम सल्फाइडच्या नळ्या आणि झेंडूच्या फुलासारख्या रचना तयार करून दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळविला. तेथे माध्यमातील सल्फाइड विवरांना खाद्य पुरविते व उत्प्रेरकाचे रक्षण होते. ऑक्सिजनयुक्त सांडपाण्यात विवरे उत्प्रेरकालाच कुरतडतील आणि विषारी कॅडमियम पाण्यात उतरेल. उत्प्रेरकाची रचना माध्यमापासून वेगळी काढून विचारात घेता येत नाही, ती अशी.

सरावलीचे माध्यम तर विशेष प्रतिकूल आहे. शोधनिबंधांत ऊर्ध्वपातित पाण्यातील मिथिलीन ब्ल्यू तासाभरात फिका पडतो. पण रंजक स्वतःच प्रकाश शोषून कणास इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे हा फिकेपणा उत्प्रेरकाच्या शोषणाचा पुरावा ठरत नाही. आणि रंग गेला म्हणजे कार्बन गेला असेही नव्हे. रंगाई व रसायननिर्मितीच्या सांडपाण्यात भरपूर लवणे असतात. त्यांतील क्लोराइड व बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक गिळंकृत करतात, आणि आम्ल पाण्यात क्लोराइड टिटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागी चिकटून रेणूंची जागा अडवितात. गडद रंग प्रकाशच आत येऊ देत नाही. मुंबईच्या तत्कालीन रसायन तंत्रज्ञान विभागातील भाटखंडे व पानगरकर यांनी बेनाकर्स यांच्यासह २००२ मध्ये पर्यावरणासाठी प्रकाश-उत्प्रेरण या विषयाचा विस्तृत आढावा घेतला होता.

यास्तव प्रकाश-उत्प्रेरणाची जागा जैविक शुद्धीकरणानंतर, पाण्याचा रंग बराचसा उतरल्यावर व प्रवाह पातळ थरात पसरवून, अशी राहील. भुकटी पाण्यात सोडल्यास ती परत गाळून घेणे अवघड. काच वा मण्यांवर बसविल्यास क्रियाशील पृष्ठभाग घटतो व रेणू तेथवर पोहोचण्यास विलंब लागतो. नव्या पदार्थाची परीक्षा करणाऱ्याने रंगाच्या शोषणाबरोबर एकूण कार्बनी कार्बन मोजावा, मिठासह व मिठावाचून दोन्ही प्रयोग करावेत, आणि तोच नमुना दहा-वीस वेळा वापरून पाण्यात उतरलेल्या धातूचे प्रमाण नोंदवावे.