कुमारांविषयी पुष्कळ, कुमारांसाठी थोडे

ऑगस्ट २०२५ मध्ये २०२३ या वर्षाचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा मराठी मनाने सुखावून जावे अशी ती यादी होती. उत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ भाग २’, उत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’ आणि दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे यांना. तिन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी वाढत्या वयाचा मुलगा आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले होते. त्या परंपरेशी आपण इमान राखले, असे म्हणण्याचा मोह यावेळी कोणालाही होईल.

तथापि एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. हे सारे कोणासाठी? बारा ते सोळा वर्षांचा मुलगा आज मराठी कलाकृतींचा आवडता विषय झाला आहे खरा. परंतु तो तिचा प्रेक्षक किंवा वाचक आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली आणि पुढे तिच्यावर सुजय डहाके यांनी चित्रपट केला. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे नाही. पण ही कादंबरी डोक्यावर घेतली ती चाळिशीच्या वाचकाने. आपले हरवलेले वर्ग आणि न बोललेले प्रेम आठवून तो गहिवरला. प्रत्यक्ष नववीतल्या मुलाच्या हाती ती देताना घरातली वडीलधारी माणसे बिचकतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो, आणि तो प्रेक्षक प्रौढ आहे. तो दगड आवश्यकच होता. या कलाकृतींचा दर्जा मी नाकारीत नाही. त्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतात, पण बोलतात ते मोठ्यांशी, एवढेच माझे म्हणणे आहे.

याउलट अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पाहा. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या चिन्मयचे एकटेपण बर्लिन महोत्सवातील मुलांच्याच परीक्षक मंडळाने जाणले आणि २०१४ साली त्याला ‘क्रिस्टल बेअर’ दिले. मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या परदेशी मुलांना जो चित्रपट आपला वाटला, तो आपल्या किती शाळांनी आपल्या मुलांना दाखविला?

पुस्तकांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजेच फास्टर फेणेला, सायकलवर बसवून मराठी मुलांना साहसाची गोडी लावली. १९८०च्या दशकात तो दूरदर्शनवरही आला. २०१७ साली तो पुन्हा रूपेरी पडद्यावर आला, तेव्हा मात्र वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होऊन. चित्रपट रंजक होता, यात शंका नाही. पण शाळकरी नायकाला मोठे केल्यावाचून धंदा होत नाही, असे निर्मात्यांना वाटावे, यातच सारे आले. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीने शाळकरी वयातच ‘द आउटसायडर्स’ लिहिली, ती १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि कुमारांच्या कादंबरीला तिकडे स्वतंत्र दालन मिळाले. आपल्याकडे बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे, हा मोठाच आधार; परंतु एका मासिकाने सारी पोकळी कशी भरून निघावी?

दूरचित्रवाणीबद्दल काय बोलावे! एके काळी ‘मालगुडी डेज’मधील स्वामीने देशभरच्या मुलांना बांधून ठेवले होते. आजच्या दैनंदिन मालिकांत मूल असते ते आईबापांच्या भांडणातले प्यादे म्हणून, किंवा स्पर्धेच्या मंचावर मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या हावभावांनी गाण्यासाठी. प्रकाश नारायण संतांच्या कथांवर निपुण धर्माधिकारी यांनी केलेली ‘लंपन’ ही २०२४ सालची मालिका हा सुखद अपवाद. कानडी वळणाच्या मराठीतला तो मुलगा पडद्यावर शोभून दिसला. पण ती वेब मालिका वर्गणी भरणाऱ्यांच्या घरातच पोहोचली.

इंग्लंडात २०२५ मध्ये ‘अॅडोलेसन्स’ या चार भागांच्या मालिकेने तेरा वर्षांच्या, खुनाचा आरोप असलेल्या मुलाची कथा सांगून समाजाला हादरविले. तेथील माध्यमिक शाळांना ती विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. ती भीषण मालिका आपण जशीच्या तशी मुलांपुढे ठेवावी, असे नव्हे. पण मुलाच्या मनात काय चालले आहे याची चर्चा त्याला समोर बसवून करायची असते, ही समज त्यामागे आहे.

आणखी एक उणीव अधिक लाजिरवाणी आहे. श्याम, फास्टर फेणे, लंपन, मुकुंद, जब्या, चिन्मय ही सारी मुलेच! मुलगी येते ती कोणाची बहीण म्हणून किंवा कोणाच्या स्वप्नातली म्हणून. ‘सैराट’ची आर्ची स्वतःच्या पायांवर उभी राहिली, पण तीही प्रेमकथेतच. तेरा वर्षांच्या मुलीने मराठीत स्वतःला कोठे शोधावे?

या वयातच वाचनाची भाषा ठरते. आपल्या मनातला गोंधळ ज्या भाषेत लिहिलेला सापडतो, ती भाषा मूल आपली मानते. इंग्रजी कादंबऱ्यांत त्याला तो सापडतो, मराठीत सापडत नाही. आणि मग मराठीचा वाचक आटला म्हणून आपण परिसंवाद भरवितो.

शिक्षकांच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. वर्षातून दोनदा ‘किल्ला’सारखा चित्रपट वर्गात दाखवावा आणि त्यावर निबंध न मागता मुलांना बोलू द्यावे. ग्रंथालयाची खरेदी करताना आठवी-नववीच्या मुलामुलींचे मत घ्यावे. प्रकाशकांनी या वयासाठी लिहिणाऱ्यांना, विशेषतः लेखिकांना, आवर्जून विचारावे. मुलांच्या आठवणींवर आपण पुरेसे रडून घेतले आहे. आता त्यांचे वर्तमान त्यांच्या हाती द्यायला हवे.