केसांसाठी जवस: डोक्यावर की ताटात?

इंदूरच्या बाजारात ‘अलसी’ मागायची आणि घरी तिची जवसाची चटणी करायची, ही आपली जुनी रीत. हल्ली मुली तिचा जेल करून केसांना लावतात. मीही लावते. २ चमचे जवस २ कप पाण्यात उकळायचे आणि बुळबुळीत झाले की गरम असतानाच गाळायचे. केस मऊ होतात, गुंता कमी होतो. पण हा लेप केसावर बसतो. केस वाढतो तो मुळाशी, रक्तातून मिळणाऱ्या पोषणावर, तोही महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर.

म्हणून माझा भर खाण्यावर. जवसात प्रथिने असतात आणि त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३. अख्खे दाणे नीट पचत नाहीत. भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटावेत. रोज १ चमचा पुरे.

माझ्या भाचीचे केस मात्र मुठीमुठीने गळू लागले, तेव्हा तिला जेलपेक्षा रक्ततपासणीची गरज होती. हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांत गळती थांबली. मुलींनो, चटणी रोज खा, पण केस असे गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.