जमलेली संगत, फसलेली संगत

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात 'लोकसंगीत आणि आधुनिक संगीताचा संगम' अशी घोषणा होऊन एक कार्यक्रम सादर झाला होता. तो चार-साडेचार मिनिटांत कसा कोसळला हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेच आहे. मागच्या बाकांवरून ज्या शिट्ट्या आल्या त्या मी अजून विसरलेलो नाही, कारण त्या कार्यक्रमात पखवाज वाजवणारा मुलगा म्हणजे मीच.

संगीतावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी द्वितीय वर्ष कला वर्गाचा विद्यार्थी. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. वडील हमाली करतात आणि रात्री आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. हाताला जे काही वळण आहे ते त्यांनीच लावलेले. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ते कॉलेजात प्रथमच आले होते आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. परतताना एस.टी.त बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले,

"सूर लागला न्हवता, ते तुला कळत हुतं का न्हाई?"

"कळत होतं, आबा."

"मग थांबा म्हनला का न्हाईस?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन वेगळ्या घरांतले कलावंत एकत्र येतात तेव्हा कधी सोने होते आणि कधी माती होते, हे कशामुळे, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागलो. वसतिगृहातल्या एका मित्राजवळ गिटार आहे. त्याच्या मोबाईलवर, एकेक कान वाटून घेऊन, आम्ही बरीच इंग्रजी गाणी ऐकली. त्यांतले अर्धे शब्द मला कळत नाहीत, पण ठेका आणि सूर कळतो. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

आमचे काय चुकले?

आधी आमचीच कथा सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. पखवाज हे नुसते ठोकण्याचे वाद्य नाही. त्याचे उजवे तोंड शाईचे असते आणि ते गायकाच्या षड्जात मिळवावे लागते. गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे, वादीखालचे गट्टे सरकवायचे आणि सूर वरखाली करायचा. डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्यामुळे घुमारा येतो. हे सारे शांतपणे करायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक पखवाजाची मर्यादा असते. माझा पखवाज काळी एकचा. फार ताणला तर पान फाटेल, पण पाच-सहा सूर वर चढणार नाही.

आमची तालीम एकच झाली. तिला गाणारी ताई येऊ शकली नव्हती. आम्ही काळी एकमध्ये वाजवले आणि छान जमले म्हणून उठलो. कार्यक्रमाच्या वेळी तिला ती पट्टी खाली वाटली. की-बोर्डवर पट्टी बदलण्याची कळ असते. ती दाबली की बोटे तीच ठेवून सगळे गाणे वर सरकते. क्षणात गाणे पांढरी पाचला गेले आणि पडदा उघडला. पांढरी पाच षड्ज धरला, तर काळी एक हा तिचा तीव्र मध्यम होतो. म्हणजे पखवाजावर मी जितक्या वेळा 'ता' वाजवीत होतो, तितक्या वेळा त्या सरळ, साध्या गाण्यात तीव्र मध्यमाचा खडा पडत होता. चूक ना त्या ताईची होती, ना की-बोर्डवाल्याची. त्यांना पखवाजाची गोष्ट ठाऊकच नव्हती आणि ज्याला ठाऊक होती तो गप्प बसला होता.

पाचगणीचा मुलगा आणि लंडनचा पाहुणा

आमच्या गावातून पसरणीचा घाट दिसतो. रात्री घाटमाथ्यावर पाचगणीचे दिवे लुकलुकतात. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता आणि तिथेच मित्रांच्या बँडमध्ये पियानो वाजवीत होता, हे मला यंदाच कळले. 1946 साली झांझिबारला जन्मलेला हा मुलगा पुढे इंग्लंडात 'क्वीन' या बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

1981 साली क्वीन बँड स्वित्झर्लंडमधील माँत्रो गावच्या स्टुडिओत काम करीत होता. डेव्हिड बोवी हा त्या काळचा दुसरा मोठा गायक तिथे आला. क्वीनच्या एका वेगळ्याच गाण्यात तो मागचा आवाज देणार होता. ते काम पुढे वापरले गेले नाही, पण सगळे मिळून वाजवीत बसले असता एक नवे गाणे जन्माला आले, ते म्हणजे 'अंडर प्रेशर'. इंग्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. गाण्याचे श्रेय क्वीनचे चौघे आणि बोवी अशा पाचही जणांना आहे.

हे काम सुखासुखी झाले असे मात्र नाही. पाचही जण आपापल्या मताचे पक्के, आणि शेवटची जुळणी कशी असावी यावर बरीच ओढाताण झाली. तरीही गाणे ऐकताना मला जाणवते ते असे, की मर्क्युरी उंच जातो तेव्हा बोवी खाली राहतो आणि बोवी बोलू लागला की मर्क्युरी थांबतो. तळाशी बास गिटारची एक छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. भजनात टाळकरी जसे ठेका धरून असतात तशी ती सर्वांना धरून ठेवते. भांडण स्टुडिओत राहिले, गाण्यात प्रत्येकाने दुसऱ्याला जागा दिली.

मर्क्युरी 1991 च्या नोव्हेंबरात वारला. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेंब्ले मैदानावर त्याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. तिथे बोवीने ॲनी लेनॉक्स या गायिकेला सोबत घेऊन हेच गाणे म्हटले.

मधली भिंत

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. 'एरोस्मिथ' या रॉक बँडचे 'वॉक धिस वे' हे गाणे 1975 सालचे. दहा वर्षांनी त्या बँडचे दिवस उतरणीला लागले होते. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांचा 'रन डी.एम.सी.' हा रॅप गट वर येत होता. रॅप म्हणजे ठेक्यावर झपाझप बोल म्हणण्याची पद्धत. आपल्याकडचे पोवाडे आणि सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला ती फार परकी वाटू नये. त्या जुन्या रेकॉर्डच्या आरंभीचा ड्रमचा तुकडा हे तरुण आधीपासून आपल्या बोलांखाली वाजवीत असत. निर्माता रिक रुबिन याने दोघांना एकत्र आणण्याचा घाट घातला. एरोस्मिथचे गायक स्टीव्हन टायलर आणि गिटारवादक जो पेरी आले आणि 1986 साली तेच गाणे नव्याने निघाले. अमेरिकेच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. मूळ गाणे दहाव्या क्रमांकाच्या वर गेले नव्हते.

हे जमले याचे कारण विचार करता सापडते. रॅपच्या बोलांना षड्ज जुळवण्याची अडचण नसते, लय मात्र पक्की लागते. आणि लय तर दोघांची आधीपासून एकच होती. वरून दिसायला दोन टोके, पण पायाखालची जमीन एक. या गाण्याच्या चित्रफितीत दोन शेजारच्या खोल्यांत दोन गट वाजवीत आहेत, दोघांना एकमेकांचा गोंगाट वाटतो आहे, आणि शेवटी मधली भिंत फुटते, असे दाखवले आहे. गोऱ्यांचे संगीत आणि काळ्यांचे संगीत असे दोन कप्पे करणाऱ्या देशात ही भिंत नुसती विटांची नव्हती.

एकच बँड, दोन अनुभव

आता फसलेल्या संगतीकडे वळू. 'मेटालिका' हा अमेरिकेतला दणदणीत रॉक बँड. 1999 च्या एप्रिलमध्ये बर्कली येथे या बँडने सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर आपली गाणी सादर केली. कर्णकर्कश गिटार आणि व्हायोलिनचे ताफे कसे जुळावेत? परंतु संचालक मायकेल केमन याने त्या गाण्यांसाठी वाद्यवृंदाचे स्वरलेखन आधी तयार केले होते. कोणी केव्हा वाजवायचे, केव्हा गप्प बसायचे, हे कागदावर ठरलेले होते. मला ही संगत बहुतांशी जमलेली वाटते.

याच मेटालिकाने 2011 साली लू रीड या न्यूयॉर्कच्या नामवंत गीतकार-गायकासह 'लुलू' नावाचा संग्रह काढला. जर्मन नाटककार फ्रँक वेडेकिंड याच्या नाटकांवर आधारलेली ही गीते रीडने एका नाट्यप्रयोगासाठी लिहिली होती. दोन्ही बाजू थोर, विषयही गंभीर. पण संग्रह बाहेर आला आणि मेटालिकाचे चाहते खवळले, बहुतेक समीक्षकांनीही झोडपले. वाईट संगतीचे उदाहरण म्हणून आजही त्याचे नाव घेतात.

मी तो मन लावून ऐकला. रीड जवळजवळ बोलतो, गात नाही. बँड मात्र आपल्या नेहमीच्या वजनाने वाजवतो. एक कीर्तनकार निरूपण करतो आहे आणि शेजारून लग्नाची वरात चालली आहे, असे काहीसे वाटते. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, पण एकाचे ऐकून दुसरा बदलला असे फार क्वचित घडते. न्यायाने हेही सांगायला हवे, की बोवीच्या मते ही रीडची सर्वश्रेष्ठ कृती होती. रीडच्या पत्नी लॉरी अँडरसन यांनी 2015 साली एका समारंभात हे सांगितले. तेव्हा 'फसली' हा निकाल देताना थोडे सबुरीनेच घ्यावे.

'शक्ती'ची शिकवण

सर्वांत जवळचे वाटले ते 'शक्ती'चे उदाहरण. जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्रज गिटारवादक, तबल्यावर मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. यांत परदेशी एकच असला तरी बाकीचेही एका घरातले नव्हते. तबला उत्तरेचा, घटम दक्षिणेचा, तालांची भाषा निराळी. त्यांचा पहिला संग्रह 1976 साली आला.

मॅक्लॉफ्लिन यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ते गिटार घेऊन नुसते आले नाहीत. त्यांनी वीणेचे शिक्षण घेतले. खास गिटार बनवून घेतली. तिला सतारीसारख्या तरफेच्या जादा तारा होत्या आणि पडद्यांमधली लाकडी पट्टी कोरून खोलगट केलेली होती, म्हणजे तार ओढून मींड काढता यावी. समोरच्याच्या घरी जाण्यासाठी त्यांनी आपले वाद्यच बदलले. पुढे माणसे बदलली, मध्ये अनेक वर्षांचा खंडही पडला. परंतु 2024 च्या फेब्रुवारीत 'धिस मोमेंट' या संग्रहाला ग्रॅमी मिळाले. तेव्हा मॅक्लॉफ्लिन आणि झाकिर हुसेन यांच्यासह शंकर महादेवन, गणेश राजगोपालन आणि विक्कूंचे पुत्र सेल्वागणेश असा संच होता. त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले.

शेवटी एक विनंती

या सर्व उदाहरणांतून मला तीन गोष्टी दिसल्या. दोघांच्या पायाखाली स्वराची वा लयीची एक तरी समान जमीन हवी. दुसऱ्याचे वाद्य काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आधी जाणून घ्यायला हवे. आणि वाजवता येत असूनही थांबण्याची तयारी हवी. थोरपणा या तिन्हींची भरपाई करीत नाही, हे 'लुलू'वरून दिसतेच.

आमच्या बाबतीत चौथीही एक गोष्ट होती. बाकीच्यांची वाद्ये महागाची, चकचकीत. माझा पखवाज गोणपाटात गुंडाळून एस.टी.च्या टपावरून आणलेला. "थांबा, सूर लावू द्या" एवढे म्हणायला मला लाज वाटली. ज्याला स्वतःच्या वाद्याची लाज वाटते त्याने कोणाशी संगत करावी?

गेल्या आषाढी एकादशीला तो गिटारवाला मित्र आमच्या गावी आला होता. देवळात भजनाला बसण्यापूर्वी त्याने वडिलांना विचारले, "काका, तुमची पट्टी कोणती?" काळी एक म्हटल्यावर त्याने गिटारच्या पहिल्या पट्टीवर चिमटा लावला. बोटे पांढरी एकची ठेवली तरी सूर काळी एकचे निघू लागले. वडिलांनी दोन वेळा 'ता' वाजवून पाहिला, हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि म्हणाले, "आता लागला. म्हना."

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी सांस्कृतिक मंडळाला माझी विनंती एवढीच आहे, की मिश्र कार्यक्रमाच्या तालमी गायकासह व्हाव्यात आणि पडदा उघडण्यापूर्वी वाद्ये मिळवायला अर्धा तास द्यावा. वडिलांना मी पुन्हा बोलावणार आहे. या खेपेस त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत जागा धरून ठेवीन.