स्कॅनमध्ये न दिसणारा मार

१७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सचं मैदान. जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाने उसळलेला चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, डाव्या कानाखाली बसला. स्मिथ कोसळला. डॉक्टरांनी त्याला आत नेऊन तपासलं, कन्कशनच्या, म्हणजे हिसक्याने मेंदूचं काम बिघडल्याच्या, चाचण्या घेतल्या आणि तो सगळ्यांत पास झाला! थोड्या वेळाने परत येऊन त्याने ८० च्या ९२ धावाही केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो उठला तो दुखरं डोकं आणि गुंगी घेऊन. नव्याने तपासणी झाली आणि त्याला सामन्यातून काढावं लागलं. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन बदली खेळाडू. अशा बदलीचा नियम लागू होऊन महिनाही झाला नव्हता.

मग रात्रभर ती इजा होती कुठे? आणि चेंडू तर मानेवर लागला होता, मेंदूला काय झालं?

जरा कवटीच्या आत डोकावू. आपला मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, पण तो आत नुसता टेकलेला नाही, तरंगतोय! मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आत-भोवती मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर द्रव असतो. एवढ्याशा पाण्यासारख्या द्रवात मेंदूचा भार उरतो अवघा ५० ग्रॅमच्या आसपास. रोजच्या धावपळीसाठी यापेक्षा सुंदर व्यवस्था कोणाला सुचली असती?

पण तरंगणाऱ्या वस्तूची एक अडचण असते. कवटी गर्रकन वळली, तरी मेंदू लगेच तिच्याबरोबर वळत नाही. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू बनवून हे दाखवलं. सरळ धक्क्याने त्या जिलेटिनचं फारसं बिघडत नव्हतं. डोकं झटक्याने फिरलं की मात्र ते आतल्या आत पिळवटून निघत होतं. म्हणजे डोक्यावर थेट काही आदळलं नाही, नुसती मान जोरात हिसडली, तरी कन्कशन होऊ शकतं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, जीव वाचवतं, ते घालायलाच हवं. आतली पिळवट पूर्णपणे थांबवणं मात्र त्याच्याही हातात नाही.

या पिळवटीत काय होतं? मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. त्यांचे केसाहून कितीतरी बारीक तंतू ताणले जातात. बहुतेक वेळा ते तुटत नाहीत, पण त्यांच्या आवरणाचा तोल जातो. आत राहायचं ते पोटॅशियम बाहेर धावतं, बाहेर राहायचं ते कॅल्शियम आत घुसतं. पेशींच्या आवरणातले रेणूंएवढे पंप हा पसारा आवरायला जिवाच्या आकांताने कामाला लागतात. त्यांना प्रचंड ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच सुमारास मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो! पंगत बसलीय, वाढपी वाट पाहतायत आणि सिलिंडर संपलाय, तशी ही अवस्था. ती काही दिवस टिकते.

म्हणूनच सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. स्कॅन शोधतो रक्तस्राव आणि मोडलेलं हाड. पोटॅशियम पेशीच्या आत आहे की बाहेर, हे त्याला दिसणार कसं? ते दिसतं माणसाच्या वागण्यात. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. एरवी शांत असलेली मुलगी उगीच चिडते, रडते. शुद्ध हरपलीच पाहिजे असं मुळीच नाही, बहुतेकांची हरपत नाही. काही लक्षणं तर तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात.

आणखी एक नवल. अशा खेळाडूला नाव, जन्मतारीख विचारा, तो धडाधड सांगतो. जुनी आठवण शाबूत असते, ताजी निसटलेली असते. म्हणून १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी वेगळे प्रश्न पुढे आणले. आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला? गेल्या सामन्यात समोर कोण होतं? असे साधे प्रश्न, आणि तिथे खेळाडू अडखळतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र प्रश्न विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, बोबडी वळणं, एका बाजूचा अशक्तपणा, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हलवूनही जाग न येणं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागल्यावर लक्षणांची वाटच पाहू नका.

पूर्वी अशा माणसाला अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहायला सांगत. २०२२ च्या ॲमस्टरडॅममधल्या तज्ज्ञांच्या परिषदेचा सल्ला वेगळा आहे. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, आणि मग हलकं चालणं. चालल्याने मेंदू लवकर सावरतो! ‘झोपू देऊ नका’ ही भीतीही मागे पडली आहे. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि धोक्याची खूण नसेल, तर झोप हे औषधच. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना महिनाही लागू शकतो.

मला सर्वांत काळजी वाटते ती दुसऱ्या माराची. इटलीतल्या संशोधकांना आढळलं, की खेळाडू ‘आता बरा आहे’ म्हणू लागल्यानंतरही मेंदूतलं रसायन सावरायला आणखी बरेच दिवस लागत होते. त्या काळात पुन्हा डोक्याला लागलं, तर बरं होणं लांबतं. क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदू सुजून जीवही जातो. म्हणून परतायचं ते पायरीपायरीने: आधी शाळा, मग हलकं धावणं, धक्का न लागणारा सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सामना. धावण्यापासून पुढच्या प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी खाली.

आणि मूल शाळेत परतणार असेल, तर वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा. अर्धाच दिवस शाळा, पेपराला थोडा जास्त वेळ, मधल्या सुट्टीत शांत कोपरा, एवढं मिळालं तरी मुलाचं ओझं हलकं होतं. डोक्याला पट्टी नसल्याने, त्याला अजून बरं वाटत नाही हे सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.