क्रिप्टोग्राफीच्या पेपरात मुले काय शिकतात?

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाच्या पुस्तकावर ‘क्रिप्टोग्राफी’ हा शब्द दिसला की घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, “हे ते बिटकॉइनचं का रे?” तसे नाही. बिटकॉइन हा या शास्त्राचा एक वापर आहे, एवढेच नाते. आपले एटीएम कार्ड, फोनवरून पाठवलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचा निरोप हे सगळे ज्या शास्त्रावर चालते ते हे. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर सायन्सला सहाव्या सेमिस्टरमध्ये ‘क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सिक्युरिटी अँड सायबर लॉ’ असा पूर्ण पेपरच होता. पुढे नाव आणि जागा बदलली, गाभा तोच राहिला. मी बी.कॉम. झालेला आणि आयुष्य बँकेत काढलेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण घरातल्या मुलांची पुस्तके चाळताना लक्षात आले की यातले बरेचसे आम्ही शाखेत करतच होतो, फक्त नावे वेगळी होती.

सुरुवात होते ती अक्षरे सरकवण्यापासून. रोमचा सीझर प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपण मराठीत एकच घर सरकू. बाराखडीची चिन्हे तशीच ठेवून ब चा भ, र चा ल, ग चा घ आणि व चा श केला की ‘बोरगाव’चे ‘भोलघाश’ होते. वाचणाऱ्याला काही कळत नाही, पण ज्याला फोडायचे आहे तो एकेक घर मागे सरकवून पाहील आणि चहा निवायच्या आत उत्तर काढील. मग कोणी म्हणेल, सरळ सरकवू नका, अक्षरांची हवी तशी अदलाबदल करा. तीही टिकत नाही, कारण भाषा स्वतःच चुगली करते. मराठी मजकुरात ‘आहे’, ‘आणि’, ‘च्या’ वारंवार येतात, त्यामुळे जे चिन्ह सारखे दिसते ते कशाचे असेल याचा अंदाज बांधता येतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. देवनागरी अक्षरांची अदलाबदल करून आणि काही वेगळी चिन्हे वापरून या लिप्या बनवल्या होत्या. त्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे जुने गद्य कित्येक शतके जवळजवळ अज्ञातच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत सीझर असतो, सकळ लिपी नसते. मला विचाराल तर आपल्या भागातल्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला ही सांगावी.

पंथाने इथे सगळी भिस्त पद्धत लपवण्यावर ठेवली होती, म्हणून पद्धत कळताच सगळेच ग्रंथ वाचता आले. १८८३ मध्ये ऑगस्ट कर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने याच्या उलट नियम मांडला : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. बँकेत लॉकर असलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. लॉकरचे कुलूप कोणत्या कंपनीचे, ते कसे चालते, हे बनवणाऱ्या कारागिरालाही माहीत असते. पण त्याला आपला लॉकर उघडता येत नाही, कारण एक किल्ली आपल्या बटव्यात असते आणि दुसरी बँकेकडे. आजची ‘एईएस’ ही पद्धत २००१ पासून जगजाहीर छापलेली आहे, कोणीही वाचावी. तिच्या आधीच्या ‘डीईएस’ची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे ७२० कोटींना पुन्हा एक कोटीने गुणल्यावर येतील इतक्या शक्य किल्ल्या. १९९८ मध्ये अमेरिकेत खास बनवलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत त्यातली नेमकी किल्ली शोधून काढली. म्हणून एईएसची किल्ली निदान १२८ बिटांची ठेवली.

आता खरी अडचण. मी बोरगावात आणि तुम्ही पुण्यात, आपली कधी भेट नाही, तर किल्ली तुमच्यापर्यंत पोचवायची कशी? पोस्टाने पाठवली तर वाटेत कोणी नक्कल करील. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी यावर मार्ग सुचवला आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी ‘आरएसए’ पद्धत दिली. किल्ल्या दोन. एक चारचौघांत वाटायची, तिने फक्त बंद होते. दुसरी स्वतःपाशी, तिनेच उघडते.

हे सगळे शाळेतल्या ‘बाकी’वर चालते. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. जाहीर किल्ली ३, खाजगी किल्ली ७. निरोप आहे ४. चारचा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हा ३१ उघड्यावर पाठवा. घेणारा ३१ चा सातवा घात काढील, तो २७,५१,२६,१४,१११. त्याला ३३ ने भागा, बाकी ४. निरोप परत मिळाला. ७ ही किल्ली काढायला ३३ चे ३ आणि ११ असे तुकडे माहीत असावे लागतात. ३३ चे तुकडे पाचवीतले पोरही करील, पण प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या असते. तिचे तुकडे करायची पुरेशी वेगवान रीत आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही.

मला सर्वांत जवळचा वाटला तो पुढचा भाग. गुप्तता ही अर्धीच गोष्ट, निरोप खरा कोणाचा आणि वाटेत बदलला का, हे कळणे तितकेच महत्त्वाचे. पूर्वी एका शाखेतून दुसऱ्या शाखेला तारेने पैसे पाठवायचे, त्याला आम्ही टीटी म्हणत असू. तारमास्तर मजकूर वाचायचा, त्याची फिकीर नव्हती. पण तारेत शेवटी एक आकडा असे. तारीख, रक्कम अशा गोष्टींवरून कोड बुकातले आकडे घेऊन तो काढलेला असायचा. समोरच्या शाखेतला अधिकारी आपले कोड बुक कुलपातून काढून तोच हिशेब पुन्हा करी. आकडा जुळला तर पैसे द्यायचे, नाही तर नाही, मग समोर कितीही ओळखीचा माणूस उभा असो. पाच हजारांचे पन्नास हजार कोणी केले तर आकडा लगेच बिनसायचा. मुले ‘मेसेज ऑथेंटिकेशन कोड’ शिकतात तो याचाच वारस. डिजिटल सही त्याच्या एक पाऊल पुढे : खाजगी किल्लीने सही करायची आणि जाहीर किल्लीने कोणीही ती पडताळायची. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली आहे.

वेबसाइटच्या पत्त्यापाशी कुलपाचे चित्र दिसते त्यामागे हेच सारे असते. फक्त एक लक्षात घ्या. वाटेत कोणी वाचत नाही आणि तुम्ही त्याच पत्त्याशी जोडलेले आहात, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडचा माणूस सज्जन आहे असे ते सांगत नाही. भामट्याच्या साइटवरही कुलूप असते.

म्हणूनच या पेपरात माणसाला फसवण्याच्या रीतीही येतात. गणित फोडणे अवघड, माणूस फोडणे सोपे. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, पण ती चित्र नसते, ‘एपीके’ फाइल असते. ती उघडून परवानगी दिली की फोनमध्ये एक ॲप बसते आणि तुमचे मेसेज, ओटीपीसकट, दुसरीकडे जाऊ लागतात. कोणी पोलिसी वेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. कोणी म्हणतो, पैसे जमा करतो, पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही. या तिन्ही ठिकाणी एईएस शाबूत असते, आरएसए शाबूत असते, किल्ली मात्र आपण आपल्या हाताने दिलेली असते. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक व वेळ हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच जास्त असते. संगणक वापरून दुसऱ्याचे सोंग घेत फसवणाऱ्याला कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण आधी तो सापडावा लागतो.

ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुले आहेत त्यांच्यासाठी थोडे. या विषयाला कोडिंगइतकेच अंकगणित लागते. मसावि काढायची भागाकाराची रीत, बाकी, घातांक आणि मूळ संख्या पक्क्या असल्या की निम्मी भीती जाते. पुण्याच्या अतुल कहाते यांचे ‘क्रिप्टोग्राफी अँड नेटवर्क सिक्युरिटी’ आणि आयआयटी मुंबईचे बर्नार्ड मेनेझिस यांचे पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मिळावे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. भाषा इंग्रजी आहे. कहात्यांच्या पुस्तकात उदाहरणे टप्प्याटप्प्याने सोडवलेली असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांनी आधी ते हातात घ्यावे, मेनेझिस त्यानंतर.